आईच्या रकान्यातला साप

लासुर्णे
८ जानेवारी २०२५

छबे,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू कपाळाला आठ्या घातल्या असशील. घाल. फोन तू कापतेस, म्हणून पत्र. तुला वाचायला मी शिकवलंय, त्यामुळं न वाचता फाडणं तुझ्याच्यानं होणार नाही. अठ्ठ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात तुझ्या गोठ्याच्या भिंतीवर चुन्यानं अक्षरं गिरवायचीस, आठवतं? तुझी दहा वर्षांची छकुली मागं उभी राहून तुझ्या चुका काढायची आणि तू तिच्या अंगावर चुना उडवायचीस. महिन्याभरात आख्खी भिंत भरली होती. म्हशीसुद्धा साक्षर होतील आता, असं तुझे मालक म्हणाले होते.

मी रिटायर झाले. घरी बसून भिंती मोजणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून आठवड्यातून तीन दिवस एसटीनं बारामतीला जाते. तिथं एका प्रसूतिगृहात दाराशीच माझं टेबल आहे. नव्या आलेल्या बायकांचं बीपी बघायचं, वजन घ्यायचं, माहितीचा फॉर्म भरायचा. लासुर्ण्याच्या उपकेंद्रात तीस-पस्तीस वर्षं जे केलं तेच, फक्त आता डोक्यावर पंखा आहे.

सोमवारी तिथं तुझी नात आली, निकिता.

घाबरू नकोस, बातमी चांगली आहे. बारावा आठवडा चालू आहे. तुला तिनं अजून सांगितलेलं नसणार, कारण तीन महिने पुरे झाल्याशिवाय चारचौघांत बोलायचं नाही हे तूच तिला शिकवलं असशील. मी तुला कळवते आहे हे दवाखान्याच्या नियमात बसत नाही आणि आपल्या रिवाजातही बसत नाही. दोन्हीकडून मीच गुन्हेगार.

मी तिला नाव विचारायच्या आधीच ओळखलं. चालताना डावा खांदा आईसारखाच जरासा वर. वाटलं, छकुलीच आली, सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन जा म्हणायला. माझ्या लशीच्या डब्याशेजारी बसून ही पोरगी सगळ्या वस्त्या फिरायची, आणि सुई टोचताना रडणाऱ्या पोरांना वेडावून दाखवायची. निकितानं मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? तू तिला घेऊन इंदापूरला गेलीस तेव्हा ती तेरा दिवसांची होती.

आता मुद्द्यावर येते. फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: आईला किंवा सख्ख्या बहिणीला गरोदरपणात बीपी वाढलं होतं का, झटके आले होते का? मी तो मोठ्यानं वाचला. निकिता म्हणाली, "न्हाय. मी तान्ही असताना आईला उसात पान लागलं."

साप चावला. पंचवीस वर्षांपूर्वी आपण दोघींनी ठरवलेलं वाक्य. मी पेन धरून बसले होते, मागं चार बायका उभ्या होत्या. मी 'नाही' असं लिहिलं. आईच्या रकान्यात 'साप चावून मृत्यू' असंही लिहिलं, माझ्या हातानं.

त्या दिवशी तू माझा हात पकडून म्हणाली होतीस, "पोरीला कळता कामा नये बना. जन्मली आन आईला गिळलं म्हणत्याल लोक." मला पटलं होतं. अजूनही पटतं. तू गाव सोडलंस, शेत वाट्यानं लावलंस, नातीला उसाच्या बांधावर पाऊल टाकू दिलं नाहीस असं कानावर यायचं. एक खोटं नीट वठावं म्हणून किती खपलीस तू. पण आता ते खोटं निकिताच्या अंगावर येतंय, म्हणून लिहिते आहे.

तिच्या हातातून रक्त घेतलंय. आपल्या वेळी असली तपासणी नव्हती. बाळाला पोसणारी वार पोटात रुजते तेव्हा ती आईच्या रक्तात काही द्रव्यं सोडते. रुजवण कच्ची असेल तर ती कमी सापडतात. वरून बाई ठणठणीत असते, पायाला सूज नाही, बीपी छान. उसाचं बेणं धरलंय की नाही हे जसं वरून कळत नाही, माती उकरावी लागते, तसंच हे. त्या रक्तावरून आणि घरच्या माहितीवरून मशीन हिशोब करतं, की पुढं सातव्या-आठव्या महिन्यात बीपी चढायचा धोका किती. घरची माहिती म्हणजे मुख्यतः आईची. ती खोटी दिली तर हिशोबही खोटा.

सोमवारी, तेरा तारखेला रिपोर्ट येईल. त्याआधी तू निकिताला खरं सांग. तू आजी आहेस, तुझ्या तोंडून गेलं तर तिला सोसेल. एवढंच मागणं आहे.

बना


लासुर्णे
१६ जानेवारी २०२५

छबे,

उत्तर नाही. मला वाटलंच होतं. परवा संक्रांतीला दारात तिळगूळ घेऊन बायका आल्या आणि माझं लक्ष सारखं फाटकाकडं. पूर्वी तू सगळ्यांच्या आधी यायचीस, वाणात कधी फणी, कधी चहाची गाळणी, आणि एकदा मला चक्क थर्मामीटर दिलास. नर्सबाईला थर्मामीटर! इंदापूरच्या बाजारातून आणला होतास. तो अजून चालतो, आजकालच्या डिजिटलपेक्षा भरवशाचा आहे.

रिपोर्ट आला. निकिताचा धोका एकशे विसात एक निघाला. शंभरात एक किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरीणबाई एक गोळी सुरू करतात. साधी, रक्त पातळ ठेवणारी, रोज झोपताना एक. हिचा आकडा रेषेच्या अलीकडं राहिला, म्हणून गोळी नाही. निकिता हसून म्हणाली, "बरं झालं, एक तरी परीक्षा पास झाले." अविराज, तिचा नवरा, पेढे घेऊन आला होता. मुलगा चांगला आहे, बायकोच्या पिशव्या स्वतः धरतो. मी पेढा घेतला आणि पदराखाली तसाच धरून बसले.

दुपारी मी डॉक्टरीणबाईंना सहज म्हणून विचारलं, एखाद्या बाईच्या आईला झटके आले असतील तर असला रिपोर्ट कुठं जातो? त्या म्हणाल्या, सत्तरात एक, साठात एक, असा कुठंतरी. म्हणजे रेषेच्या पलीकडं. मग गोळी लागते, तपासण्या जास्त लागतात, आठव्या महिन्यात डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

तू म्हणशील, मग तेव्हाच का सांगितलं नाहीस? आलं होतं तोंडापर्यंत. पण त्यांनी विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत, तुम्ही तिथं होतात का? मग पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. मी फाईल बंद करून दुसरी बाई आत घेतली. शपथेला जागले असं स्वतःला सांगितलं. माझं मलाच हसू आलं.

छकुलीचे डोहाळे आठवतात का गं तुला? हुरडा हवा, आणि तोही ऑगस्ट महिन्यात. तू अख्खं लासुर्णे पालथं घातलंस. शेवटी मी वालचंदनगरच्या आमच्या कॉलनीतून कच्चंच कवठ आणलं, वडिलांच्या क्वार्टरच्या मागं झाड होतं त्याचं. तिनं गूळ घालून एका बैठकीत संपवलं आणि वर म्हणाली, हुरड्याची सर नाही. आपण दोघी किती हसलो होतो. तुझ्या ओसरीवरची ती दुपार मला अजून दिसते, तू पाय पसरून शेंगा सोलत होतीस, छकुलीनं तुझ्या मांडीवर डोकं टाकलं होतं. तशी दुपार मला नंतर कुठं मिळाली नाही. तुला मिळाली का, ते तू कळवशील तेव्हा कळेल.

गोळी सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू झाली तर उपयोग. सोळा आठवडे तीन फेब्रुवारीला भरतात. छबे, रुसवा माझ्यावर ठेव, जन्मभर ठेव. पण सांग तिला.

बना


लासुर्णे
२२ जानेवारी २०२५

छबे,

तुझा मुलगा संदेश काल मोटारसायकलवरून आला. मला वाटलं, तुझं पत्र घेऊन आला. तो फाटकातच उभा राहिला, चहाला नाही म्हणाला. लहानपणी माझ्याकडं गोळ्या मागायला यायचा आणि गोड नसल्या तर थुंकायचा, त्याला आता माझा चहा नको. खाली बघत म्हणाला, "आई म्हणली, ह्या वयात मला नातीम्होरं खोटी पाडू नका. आन पत्रं लिवू नका."

म्हणजे तू दोन्ही वाचलीस. बरं वाटलं आणि संतापही आला. तुला खोटं पडायची भीती वाटते आणि तिकडं पोरीचे दिवस चाललेत. रात्रंदिवस तिच्यासाठी जगलीस ना तू? मग आता एवढ्यावर का अडलीस?

रागाच्या भरात हे लिहिलं आणि अर्धा दिवस तसंच ठेवलं. आता शांतपणे लिहिते, कारण तुला बोल लावायचा अधिकार मला नाही. का नाही, ते ऐक. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

छकुलीला झटके आले त्या शुक्रवारी सकाळी तुझ्या सासूबाईंनी देवऋषी बोलावला. बाहेरचं आहे म्हणाला, अंगारा लावला, दोन तास गेले. मग मला बोलावणं आलं, मग जीप, मग इंदापूर. पोर वाचली, पोरीची आई दुपारी गेली. तू देवऋषीला थांबवलं नाहीस म्हणून स्वतःला खात राहिलीस, हे मला दिसत होतं. आणि मी तुला खाऊ दिलं. कारण ते दोन तास तुझ्या नावावर राहिले की माझा मंगळवार कुणी विचारणार नव्हतं.

त्या मंगळवारी छकुली उपकेंद्रात आली होती. आठवा महिना. पायाला सूज, डोकं दुखतंय म्हणाली. मी बीपी घेतलं. दीडशे, शंभर. पुन्हा घेतलं, तेवढंच. आमचं यंत्र कधीकधी दहा-वीस जास्त दाखवायचं, त्यामुळं मी म्हटलं, शनिवारी परत बघू. दिवाळी तोंडावर आली होती, तुझ्या घरी करंज्यांचा घाट घातलेला, एवढ्यात तिला इंदापूरला पाठवून सगळ्यांची झोप कशाला उडवायची, असा विचार केला. कार्डावरची बीपीची चौकट कोरी ठेवली. तिनं विचारलं, "किती हाय गं मावशी?" मी म्हटलं, "हाय तसंच. मीठ कमी खा." माझ्यासमोर ती खालच्या पायरीवर बसून चप्पल घालत होती, सुजल्या पायात जात नव्हती. शेवटी हातात धरून गेली.

शनिवार आलाच नाही.

तेव्हा छबे, सापाचं खोटं तू नातीसाठी बोललीस आणि मी स्वतःसाठी. छकुलीच्या तेराव्याला तू मला उंबऱ्याबाहेर काढलंस तेव्हा तुला नुसता संशय होता, नेमकं कारण ठाऊक नव्हतं, तरी तू बरोबर होतीस.

शुक्रवारी निकिताला मी बारामतीला बोलावलंय. तुझ्याशिवाय सांगणार आहे. हे पत्र तुला त्याआधी मिळणार नाही, मुद्दामच आज टाकते आहे.

बना


लासुर्णे
९ फेब्रुवारी २०२५

छबे,

सगळं सविस्तर लिहिते, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून अर्धवट कळायला नको.

त्या शुक्रवारी दुपारी ओपीडी संपल्यावर मी निकिताला माझ्या टेबलापाशी बसवलं. अविराजला बाहेर चहाला पाठवलं. दोन दिवस वाक्यं जुळवत होते, ती सगळी विसरले. सरळ म्हटलं, निकिता, तुझी आई साप चावून गेली नाही.

ती म्हणाली, "ठाऊक हाय मला."

तिनंच सांगितलं. दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या नोंदणीला जन्माचा दाखला काढला. शाळेत गुरुजींनी सगळ्या पोरांसारखी तिलाही एक जून लावून टाकलेली, त्यामुळं खरी तारीख तिनं कधी बघितलीच नव्हती. दाखल्यावर पाच नोव्हेंबर नव्याण्णव होतं. तुझ्या घरात छकुलीच्या फोटोखाली जी तारीख लिहिलीय तीच. हिशोब करायला तिला पदवी लागली नाही. तुला ती काही बोलली नाही, कारण तुला वाईट वाटेल. उलट तू तिच्या सासरी गेलीस की ती उसाच्या कडेनंही जायची नाही, भ्यायचं सोंग करायची. एरवी ती उसाला पाणीसुद्धा धरते, छबे, आणि तेही अनवाणी.

मी विचारलं, मग फॉर्मात साप का सांगितलास? तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मग काय लिवायला सांगू? मी जन्मले म्हून आई गेली, आसं?"

त्या पोरीनं दोन वर्षं हे एकटीनं वागवलं. तू लोकांच्या तोंडून वाचवलंस तिला, पण तिच्या स्वतःच्या तोंडून नाही वाचवू शकलीस. ती रडत नव्हती, मीच रडत होते. मग डोळे पुसले आणि तिला तिचाच रिपोर्ट उघडून दाखवला. म्हटलं, हे रक्त बाराव्या आठवड्यातलं. आत्ता पोटात तुझं बाळ लिंबाएवढं आहे. आईच्या पोटात तू लिंबाएवढी होतीस तेव्हाच वार कच्ची रुजली होती. त्यात तू काय केलंस? तुझ्या आजीनं काय केलं? तेव्हा कुणाला ते दिसायची सोयच नव्हती. आता आहे, म्हणून विचारतात. तिनं त्या कागदावर हात ठेवला. मग म्हणाली, "म्हंजी आईला आजार व्हता." मी म्हटलं, होय, आजार होता, आणि त्याला नाव आहे.

आम्ही दोघी डॉक्टरीणबाईंकडं गेलो. तिनं स्वतः सगळं सांगितलं. पुन्हा हिशोब झाला, पासष्टात एक. गोळी त्याच दिवसापासून सुरू झाली, चौदाव्या आठवड्यात. छत्तीस आठवड्यांपर्यंत चालेल. दर पंधरा दिवसांनी बीपी. गोळीनं धोका नाहीसा होतो असं नाही, पण पुष्कळ उतरतो, आणि मुख्य म्हणजे आता सगळ्यांचं लक्ष राहील.

इथवर मी थांबले असते तर निकितानं मला देवमाणूस समजून आयुष्यभर नमस्कार केला असता. मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण बाहेर येऊन जिन्यात मी तिला मंगळवारही सांगितला. दीडशे, शंभर. कोरी चौकट. मीठ कमी खा. तिनं सगळं ऐकलं आणि माझ्याकडं न बघता जिना उतरून गेली. अविराजनं मागं वळून हात केला, त्याला बिचाऱ्याला काही कळलं नव्हतं.

त्यानंतर दोन आठवडे मला जेवण गेलं नाही. रविवारी ती तुझ्याकडं येऊन गेली, हे अविराजनं फोनवर सांगितलं. तुम्ही दोघी स्वयंपाकघराचं दार लावून दुपारभर आत होतात, आणि बाहेर आल्यावर तू सगळ्यांसमोर "गोळी चुकवू नगंस" एवढंच म्हणालीस म्हणे. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. ते तुमचं दोघींचं. मी घरात बसून उगाच तुझ्या ओसरीवरच्या शेंगा आठवत राहिले.

परवा शुक्रवारी तिची तारीख होती. मी प्रतिक्षाला, आमच्याकडच्या नव्या सिस्टरला, आधीच सांगून ठेवलं की ही पेशंट तू बघ. निकिता आली. प्रतिक्षानं तिला आपल्या खुर्चीकडं बोलावलं. निकिता तिथं क्षणभर उभी राहिली, मग सरळ माझ्या टेबलाशी येऊन बसली, बाही वर सरकवली आणि हात पुढं केला.

"बीपी तुमीच बघा," म्हणाली. "आन आकडा मला सांगा. मनात ठिवू नका."

मी पट्टा बांधला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पट्टा उलटा बांधला गेला, तिनंच सरळ करून दिला. एकदा बघितलं, खात्री वाटेना, पाच मिनिटं थांबून पुन्हा बघितलं. मग मोठ्यानं सांगितलं, एवढ्या मोठ्यानं की रांगेतल्या बायका वळून बघायला लागल्या.

छबे, तुलाही सांगते. एकशे अठरा, शहात्तर.

बना